एकशे एकोणसत्तर ठिपके

आसावरी निमकर या बाईला स्वस्थ बसणं म्हणून माहीत नव्हतं. नाशिकला ते खपून गेलं, कारण तिथं ती शाळेत चित्रकला शिकवायची. अकरा वर्षं. एकेका वर्गात साठ-साठ पोरं, प्रत्येकाच्या बोटाला रंग, आणि ते बोट पुढच्याच्या शर्टाला. असल्या गोंधळात ती सुखात होती. मग नवऱ्याला, अंबरीशला, ॲमस्टरडॅमची नोकरी लागली, बिऱ्हाड शेजारच्या डीमनला आलं आणि बाईच्या हातचं कामच गेलं. अंबरीश सकाळी ट्रामनं ऑफिसला, आठ वर्षांची शलाका शाळेत, आणि ही घरात. अडीच वर्षांत तिनं स्वयंपाकघरातले डबे इतक्यांदा नव्यानं लावले की चहा करताना अंबरीशला साखर कधी पहिल्या झटक्यात सापडली नाही.

"अगं, जरा बस की," तो म्हणायचा.

"बसून काय करू? अंडी उबवू?"

हसू नका. ज्याचे हात शिवशिवतात त्यालाच कळतं ते. रात्री अंथरुणावर पडल्यावर ती चादरीवर बोटानं कमळं काढायची आणि अंबरीश पाठ फिरवून झोपायचं सोंग करायचा.

दोन हजार पाचच्या ऑक्टोबरात शाळेच्या फाटकाशी शलाकाच्या मुख्याध्यापिकेनं तिला गाठलं. मारयोलाइन नाव तिचं, पन्नाशीची, उंच, सायकलवर बसल्या बसल्याच बोलणारी. शाळा सुटल्यावर मुलांसाठी चित्रकलेचा वर्ग असायचा, तो घेणाऱ्या बाई उन्हाळ्याआधी जाणार होत्या. आठवड्यातून दोन दुपारी काम, रीतसर पगार.

"शलाका म्हणते, तू भारतात हेच शिकवायचीस. मग तुझ्या कामाची फाइल दाखव ना मला. एप्रिलमध्ये आम्ही ठरवणार आहोत."

फाइल! आसावरीच्या तोंडचं पाणीच पळालं. अकरा वर्षांचं काम होतं कुठं? फळ्यावर खडूनं काढलं, ते पुढच्या तासाला गणिताच्या बाईंनी पुसलं. गॅदरिंगला, पंधरा ऑगस्टला, दिवाळीला मैदानभर रांगोळ्या घातल्या, बघायला गाव लोटलं, आणि दुसऱ्या दिवशी शिपायानं झाडू मारला. सगळं आयुष्य पुसण्यात गेलं की हो! पण 'नाही' म्हणायचं धाडस होईना. जीभ आपोआप बोलून गेली, "फाइल नाही. पण दाखवते. तुम्ही माझ्या घरी या. वसंतात."

आपल्याकडे 'या एकदा घरी' म्हटलं की विषय संपतो. इथं संपत नाही. मारयोलाइननं तिथल्या तिथं पिशवीतून डायरी काढली. "वसंतात म्हणजे कधी?" मार्चअखेर, आसावरी म्हणाली. "तीस मार्च, गुरुवार, पावणेचार," मारयोलाइननं लिहिलं आणि गेली टांग मारून. सहा महिने आधी! आणि दाखवायचं काय, याचा पत्ता नाही.

घरी येईपर्यंत आसावरी स्वतःला शिव्या घालत होती. रांगोळी घालून दाखवावी, तर दोन वर्षांचा अनुभव होता: दिवाळीत दारातल्या फरशीवर घातलेली रांगोळी तासाभरात पावसानं धुतली होती. मारयोलाइनला टिकणारं काहीतरी हवं होतं, हातात धरता येईल, बघता येईल असं. आणि हिच्याकडे टिकणारं काहीच नव्हतं.

शेजारची कॉरी तेव्हा आपल्या बागेत उभी होती. कॉरी सत्तरीची, एकटी, दोन्ही घरं तळमजल्यावरची म्हणून मध्ये फक्त गुडघाभर कुंपण. ती पिशवीतून मूठभर कंद काढायची आणि कोंबड्यांना दाणे टाकावेत तसे खांद्यावरून मागं भिरकावायची. मग वाकून, जिथं पडला तिथं खड्डा करून पुरायची. लसणीच्या पाकळीएवढे, बुटके बुटके कंद.

"हे काय चाललंय?"

"क्रोकस. वसंतातलं फूल. कंद जिथं पडेल तिथं लावायचा. एकदा लावला की मग बघायला नको, दर वसंतात आपलं आपलं येतं. माझ्या आईनं लावलेले अजून येतात तिच्या जुन्या घरी."

दर वसंतात आपलं आपलं येतं! आसावरी कुंपणाशी खिळून उभी राहिली. म्हणजे कंद हाच ठिपका. पंधरा ते आठची ठिपक्यांची रांगोळी मातीत मांडायची, वर फुलं येतील ती रंगासकट, आणि पाऊस येवो, झाडू येवो, पुसली जाणार नाही. पुढच्या वर्षी परत! असली फाइल कोणाच्या बापानं पाहिली असेल?

दुसऱ्या दिवशी बसनं जाऊन तिनं बागेच्या सामानाचं मोठं दुकान पालथं घातलं. पाकिटांवर फुलांचे फोटो होते, ती रंग बघत सुटली. पांढरे हवेत? हे स्नोड्रॉप. पिवळा? बारका क्रोकस. जांभळा? मोठा क्रोकस. निळ्याला मस्कारी, त्याला इथं 'निळी द्राक्षं' म्हणतात. नाशिकची बाई, द्राक्षं म्हटल्यावर आणखी दोन पाकिटं जास्त पडली पिशवीत. पाकिटांच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय काय छापलं होतं, तिकडे तिनं ढुंकून पाहिलं नाही. रंगाच्या डबीमागं कधी कोणी वाचतं का?

दिवाळीच्या आधल्या शनिवारी तिनं पुढच्या बागेतलं सगळं गवत उपटलं, माती चाळली, दोऱ्या ताणल्या. एका ठिपक्यापासून दुसरा एक वीत. मधल्या ओळीत पंधरा, वर-खाली चौदा, तेरा, असं करत आठपर्यंत. एकशे एकोणसत्तर ठिपके, प्रत्येकात तीन कंद. मधलं कमळ पिवळं, पाकळ्या जांभळ्या, त्यांच्यामधली जागा पांढरी, आणि कडेचे बेचाळीस ठिपके निळे. दोन दिवस गुडघ्यावर. कॉरी कुंपणावरून बघत होती, दोऱ्या बघून तिनं भुवया चढवल्या.

"फुलं काय सैनिक आहेत?"

"बघशील तू," आसावरी म्हणाली. कोणते कंद कुठं, ते काही तिनं सांगितलं नाही. गंमत आधीच फोडायची नव्हती ना.

आणि मग सुरू झालं वाट बघणं. अहो, ज्या बाईला भाजी शिजेपर्यंत दम निघत नाही, तिला पाच महिने मातीकडे बघत बसायला सांगितलं! नोव्हेंबरात ती रोज उठून खिडकीत. डिसेंबरात माती दगड झाली तशी तिला खात्री वाटू लागली की आत सगळं मेलं. एका सकाळी काटा-चमचा घेऊन तिनं कोपऱ्यातला एक ठिपका उकरला. कंदाला खाली पांढरी मुळं फुटली होती, दोऱ्याएवढी. ती बघून तिला इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी तिनं दुसरा उकरला. आठवड्यात पाच ठिपके उकरून झाले तेव्हा अंबरीशनं काटा लपवून ठेवला.

"ते काय बाळंतिणी आहेत? सारखं काय डोकवायचं?"

"तुला काय जातंय बोलायला? तुझं काम आहे, ऑफिस आहे, उद्या तुला कोणी विचारलं काय करतोस, तर तू कार्ड काढून देतोस. मला विचारलं तर मी काय काढून देऊ? अंबरीशची बायको आहे म्हणून सांगू?"

अंबरीशनं उठून तिच्यासाठी चहा टाकला. काटा मात्र त्यानं दिला नाही.

नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं तेव्हा कळलं, तीस मार्चला पाडवा. हा शकुनच, आसावरीनं नाशिकला फोन करून आईला सांगितलं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला स्नोड्रॉप आले. पांढरे, मान खाली घातलेले, जिथं सांगितले होते तिथंच, ओळीत. आसावरी कोट न घालताच बाहेर पळाली आणि ठिपके मोजत राहिली. पण मग आठवडा गेला, दोन गेले, बाकीचे कंद हूं की चूं करेनात. त्या वर्षी थंडी हटायचं नाव घेईना. आणि त्या इमारतीतली पोरं! शाळा सुटली की समोरच्या गवतावर चेंडू, आणि चेंडू नेमका हिच्या बागेत. ती दार उघडून वसकन ओरडायची. मराठीत ओरडायची, कारण रागाला डच भाषा पुरत नाही.

"आई, प्लीज ना," शलाका डच-इंग्रजी मिसळून म्हणाली. "सगळे तुला रागीट बाई म्हणतात. माझ्याशी कुणी खेळायला येत नाही."

"तीस मार्चनंतर या म्हणावं. हवं तर डोक्यावर नाचा."

मार्च उजाडला. पिवळे क्रोकस उमलायला लागले, तेव्हा पांढऱ्यांनी माना टाकल्या. आसावरीला वाटलं, थंडीनं असेल. मग पिवळे भरात आले, चिमण्यांनी त्यातले निम्मे टोचून फाडले, आणि जांभळ्यांची नुसती टोकं वर. निळ्यांची तर पात तेवढी, गवतासारखी लोळलेली. वीस मार्चला तिनं शेवटी लाज सोडून कॉरीला कुंपणाशी बोलावलं.

कॉरीनं बाग नीट पाहिली, एक-एक रंग बोटानं दाखवत गेली, आणि मग तिच्या सगळं लक्षात आलं. हसायला आलं तिला, पण आसावरीचा चेहरा बघून तिनं ते गिळलं.

"अगं पोरी, हे एकत्र येतच नाहीत. पांढरे फेब्रुवारीचे. पिवळे त्यांच्यामागून. जांभळे आता येतील. आणि निळे एप्रिल, तोही मधला. पाकिटावर लिहिलेलं असतं की."

"म्हणजे एका दिवशी सगळी..."

"कधीच नाही."

आसावरीनं कपाळावर हात मारला, तो मातीचा होता. ती घरात गेली, रिकामी पाकिटं शोधून काढली. होते की आकडे, बारीक अक्षरात, महिन्यांचे. पाच महिने बाई स्वतःच्या हातानं खड्डा खणत होती.

पुढचे दहा दिवस त्या घरात कोणी सुखानं जेवलं नाही. आसावरीनं निळ्यांवर प्लास्टिक अंथरलं. कोमट पाणी घातलं. गरम पाण्याच्या रबरी पिशव्या ठेवल्या. एका संध्याकाळी अंबरीश ट्रामवरून उतरून येतो तर बायको बागेत उकिडवी बसलेली, घरातून वायर ओढून आणलेली, आणि हातात केस वाळवायचं मशीन, मस्कारीच्या पातीवर रोखलेलं.

"आसावरी! पाऊस पडतोय! शॉक लागेल!"

"लागू दे! एकदाचा लागू दे!"

त्यानं आत जाऊन बटण बंद केलं, छत्री आणली आणि तिच्या शेजारी बसला. "फोन कर ना तिला. तारीख पुढे घे."

"कुठली घेऊ?" ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. "कुठली तारीख घेऊ, सांग ना. निळे येतील तेव्हा जांभळे गेलेले असतील. माझी रांगोळी पुरी होईल असा एकही दिवस नाहीये, अंबरीश. वर्षात एकही नाही."

पाडव्याला सकाळी अंबरीशनं झाडूच्या दांड्याची गुढी उभारली, शलाकानं साखरेच्या गाठीऐवजी लॉलीपॉप बांधला. आभाळ भरलेलं. ऊन नाही म्हटल्यावर जांभळे क्रोकसही मुठी आवळून बसले. पिवळ्यांच्या चिंध्या, पांढऱ्यांचा पत्ता नाही, निळ्यांच्या हिरवट गाठी. मध्येच मोकळी माती, उकरलेल्या ठिपक्यांची. श्रीखंडाची वाटी आसावरीनं तशीच फ्रिजमध्ये ठेवली.

पावणेचारला, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही, मारयोलाइनची सायकल दाराशी लागली. तिनं बागेकडे पाहिलं.

"अरे, क्रोकस. लउक."

लउक म्हणजे छान. इथं चहाही लउक असतो, पडदेही लउक असतात, आणि नकोसं झालेलं माणूसही लउक म्हणूनच कटवतात. आसावरीनं हातवारे करत, तुटक्या डचमध्ये सांगायला सुरुवात केली: हा ठिपका, इथून रेघ, इथं निळे येणार होते, इथं पांढरे होऊन गेले. मारयोलाइन मान हलवत होती. मान हलवता हलवता तिनं मनगटाकडे पाहिलं.

ते आसावरीनं पाहिलं, आणि तिचं डोकंच फिरलं. गेलं ना सगळं? मग कोणासाठी जपायचं आता? ती वळली, बागेत शिरली आणि दोन्ही हातांनी फुलं खुडायला लागली. जांभळी, पिवळी, चिंध्या, गाठी, हाताला येईल ते. ओढणीचा ओचा भरला. गवतावर चेंडू खेळणारी पोरं थांबून बघत राहिली. ज्या फुलांच्या वाऱ्यालाही सहा आठवडे कोणाला उभं केलं नव्हतं, ती ही बाई स्वतःच ओरबाडत होती!

घरातून तिनं तांदळाच्या पिठाचा डबा आणला आणि दारातल्या फरशीवर बसली. चिमटीतून ठिपके पडायला लागले. पट्टी नाही, दोरी नाही. पंधरा, चौदा, तेरा, ओळ सरळ. मग रेघा, मग रेघांमध्ये पाकळ्या. हात धावत होता. पिवळा कमी पडला तेव्हा तिनं मान वर न करता कुंपणाकडे हात केला आणि तिथं बघत उभ्या असलेल्या कॉरीनं आपले पिवळे डॅफोडिल तोडून दिले.

पोरं हळूहळू जवळ सरकली. त्यातली एक दातपडकी मुलगी उकिडवी बसली. "मी पण?"

आसावरीनं तिच्या मुठीत पाकळ्या दिल्या. मुलीनं भराभर टाकल्या, त्या रेघेबाहेर गेल्या, ठिपका विस्कटला. ती घाबरून रागीट बाईच्या तोंडाकडे बघायला लागली.

"पूस. परत काढ," आसावरी म्हणाली. अगदी सहज, मराठीत, नाशिकच्या वर्गात दिवसातून शंभरदा म्हणायची तसं. आणि तळव्यानं स्वतःच सगळा कोपरा पुसून दाखवला. मुलीला भाषा कळली नाही, पण पुसायचं असतं आणि पुसलं तर काही बिघडत नाही, हे कळलं. तिनं पुसलं. परत काढलं. मग तिच्या शेजारी दुसरी बसली, मग चौघं, मग आठ. शलाका तोऱ्यात सगळ्यांना पीठ वाटत होती. "पूस, परत काढ," पोरंच एकमेकांना ओरडायला लागली, वेडेवाकडे उच्चार करत.

मारयोलाइन अर्धा तास उभी होती. मग तिनं विचारलं, "पण मुलांनी घरी काय न्यायचं? हे तर उद्या राहणार नाही."

"नाही राहणार," आसावरी म्हणाली. तिला आता कशाची भीती उरली नव्हती. "माझं कधीच काही राहिलं नाही. अकरा वर्षांत एक कागदसुद्धा नाही. रोज पुसायचं आणि रोज काढायचं. मला एवढंच येतं."

मारयोलाइननं आपला कोट काढून कुंपणावर टाकला, फरशीवर बसली आणि चिमटीत पीठ घेतलं. तिचा ठिपका केवढा पडला म्हणता, चांगला पुरीएवढा.

"पूस," दातपडकी मुलगी तिला म्हणाली.

मुख्याध्यापिकेनं पुसलं.

अंबरीश पाडव्याचं म्हणून लवकर निघून सहाला घरी आला. फरशीवर वाऱ्यानं पाकळ्या पांगल्या होत्या, पीठ पोरांच्या पायांनी जिन्यापर्यंत गेलं होतं. बागेकडे नजर गेली आणि तो जागच्या जागी थबकला. एकशे एकोणसत्तर ठिपक्यांत एक फूल शिल्लक नव्हतं. आसावरी कुंपणाशी कॉरीबरोबर काहीतरी तावातावानं बोलत होती.

"अगं... फुलं कुठं गेली?"

"वापरली."

"सगळी?"

"सगळी. तू जरा थांब रे, मध्ये बोलू नकोस." तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही, ती कॉरीच्या बागेतली फुलं बोटानं मोजत होती. "मंगळवारी मारयोलाइननं वर्ग घ्यायला बोलावलंय, बावीस पोरं आहेत, आणि माझ्याकडे एक पाकळी नाही."